टिबुकलीच्या तळ्यावरची काहील

साल दोन हजार बावीस. नवरात्राची पहिली माळ होती. त्या दिवशी मला जन्मात पहिल्यांदा कुणीतरी देखणी म्हटलं, आणि त्याच दिवशी माझ्यामुळे दोन घरटी रिकामी झाली. या दोन्ही गोष्टी मला अजून एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

मित्रांनो, मी एक जुनी काहील आहे. तुम्ही गूळ खाल्ला असेल, पण मला पाहिलं नसेल. उसाचा रस आटवायची ती अवाढव्य, उथळ, सपाट बुडाची लोखंडी कढई म्हणजे मी. माझ्यात सात-आठ माणसं मांडी घालून आरामात बसतील, एवढा माझा घेर. काठाला चार जाड कड्या आहेत. त्यांत वासे अडकवून आठ गड्यांनी ‘हुश्श’ केलं, की मी जागची हलायची.

मला घडवलं बाबालालनं. तेव्हा तो मिसरूड फुटलेला कारागीर होता. कोल्हापुरात वडिलांच्या पत्र्याच्या शेडमध्ये पहाटेपासून ठोकाठोक चाले. त्यानं पत्र्याला पत्रा जोडला आणि जोडाच्या जाड खिळ्यांसारख्या, तापलेल्या लाल रिव्हेट माझ्या बुडात एकेक करून बसवल्या. मग मला काठोकाठ पाण्यानं भरलं आणि दिवसभर माझ्याजवळून उठला नाही. मधूनच कोरडा तळहात माझ्या बुडाखालून फिरवायचा आणि हात डोळ्यांसमोर धरून ओल शोधायचा. संध्याकाळी म्हणाला, “एक थेंब गळली तर माझं नाव बदला.” मी गळले नाही. त्या तळहाताचा मला फार अभिमान होता.

कोडोलीच्या रस्त्याला गणपतरावांचं गुऱ्हाळ होतं. माझा संसार तिथं मांडला गेला. दिवाळी झाली की मी चुलवाणावर चढायची आणि शिमग्यापर्यंत उतरायची नाही. खाली चिपाडांचा जाळ, वर रसाची उकळी. रस निवळायला भेंडीचा चीक टाकला की मळी तरंगून वर यायची, आणि रस्त्यानं जाणारी माणसं वासानंच थबकायची. चिपाडं सारायला अंबूबाई होती. चुलवाणाच्या तोंडाशी बसून घामाघूम होऊन ती माझ्याशी बोलायची. “जरा दमानं घे गं बाई, करपवशील,” असं म्हणायची. गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला वाटे ती त्यालाच टोमणा मारते आहे.

मग ऊस साखर कारखान्याकडे जाऊ लागला. गुळव्या म्हातारा झाला, त्याची मुलं नोकरीला लागली. एका दिवाळीला मला कुणी उचललंच नाही. गुऱ्हाळामागे मी उघड्यावर पडून राहिले. माझ्यात पावसाचं पाणी साचायचं आणि आटायचं. कोंबड्या माझ्या काठावर बसून खाली घाण करायच्या. मित्रांनो, वस्तूला काम नसलं की ती गंजते असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. आधी तिला हाक मारणारं कुणी उरत नाही, गंज नंतर चढतो.

दोन हजार एकोणीसच्या महापुरात मला पुन्हा हाक आली. आमच्या भागात पूर आला की काहिलीची नाव करतात, ही जुनी रीत आहे. अंबूबाईच्या गल्लीतली म्हातारी माणसं, शेरडं, एक बाळंतीण, सगळ्यांना मी उंचावर नेऊन सोडलं. पूर ओसरला तसे गणपतराव मला परत न्यायला माणसं घेऊन आले. अंबूबाई आडवी आली.

“मालक, ही आता गुऱ्हाळात काय करणार? कोंबड्या उबवणार व्हय? तळ्यावर न्हेतो की मी.”

गणपतराव हसले. “न्हे की. तुझीच मैतरीण हाय ती.”

शहर संपून ऊस सुरू होतो तिथं भैरोबाचं तळं आहे. अंबूबाईच्या चार म्हशी दुपारी त्यात डुंबायच्या. मी काठाला बांधलेली तरंगत असे; ती मला ढकलून मधल्या पाणगवताकडे जायची, ओलं गवत कापायची आणि माझ्यात भरून काठावर आणायची. वल्हं म्हणजे एक फळी. माझं बूड सपाट, त्यामुळे मी सरळ जात नसे, स्वतःभोवती गिरक्या घेत जाई. म्हशी काळ्या, मी काळी. पाखरांना मी पाचवी म्हैस वाटले असेन. वंचक बगळा माझ्या काठावर एका पायावर उभा राहायचा आणि खंड्या माझ्या कडीवर बसून मासा आपटायचा.

एका रविवारी काठावर एक बाई दुर्बीण लावून उभ्या होत्या. त्या कॉलेजात शिकवणाऱ्या संयोगिता मॅडम. दर रविवारी तळ्यावरची पाखरं मोजायच्या. मी एका टिबुकलीच्या घरट्यापासून दोन हातांवरून गेले आणि टिबुकली जागची उठली नाही, हे पाहून त्यांच्या हातातली वही खाली पडली.

“आक्का, मला न्याल का आत?”

“चला की. पण ही चालत न्हाय, फिरती. पोटातलं वर आलं तर माझ्या गवतावर नको.”

त्या दिवशी मॅडमनी अंबूबाईला टिबुकलीचा स्वभाव समजावून सांगितला, आणि मीही ऐकला. टिबुकली म्हणजे मुठीएवढं पाणपाखरू. कुजक्या पाणगवताचा ढीग रचून ती तरंगतं घरटं करते. धोका दिसला की उठण्यापूर्वी चोचीनं ओलं गवत अंड्यांवर ओढते आणि मगच बुडी मारते. वरून कावळ्याला फक्त कचरा दिसतो. एवढं करायला तिला चार श्वास लागतात. पण धोका एकाएकी अंगावर आला, तर ते चार श्वास मिळत नाहीत आणि पांढरी अंडी उघडी पडतात.

“म्हंजे घर सोडताना लेकरावर पांघरूण घालती म्हणा की,” अंबूबाई म्हणाली.

मॅडमच्या मागोमाग हळूहळू माणसं येऊ लागली. अंबाबाईचं दर्शन, रंकाळा, पन्हाळा झाला, दाजीपूरचे गवे लांबून दिसले, की उरलेल्या सकाळी काही जण आमच्या तळ्याकडे वळायचे. एका वेळी चारच माणसं. बसताना अंबूबाईचा एकच नियम असे. “पावणं, बोलायचं न्हाय. म्हस बोलत न्हाय, काहील बोलत न्हाय, मी तोंड मिटून घेतलंय. तुमी काय वेगळं हाय व्हय?” मोठमोठी माणसं मुकाट मान हलवायची. आपल्या शेजारी एक रानपाखरू न भिता बसलं आहे, हे कळल्यावर त्यांचे चेहरे कसे मऊ होत! माझ्या रसात कधी एवढा गोडवा उतरला असेल का, असं मला वाटून जाई.

दोन हजार बावीसच्या भाद्रपदात तळ्यात टिबुकलीची पाच घरटी होती. पाचही अंबूबाईला पाठ होती. पाचवं तर आपल्या बोटानंच दाखवून म्हणायची, “ही नवी सून. हिला अजून घर नीट लावता येत न्हाय.”

तळ्याच्या रस्त्यावर एक तरुण मंडळ आहे. त्याचा अध्यक्ष यशराज. मनानं चांगला, आवाजानं दणदणीत. नवरात्रात कोल्हापुरात लाखो माणसं येतात, त्यांतली थोडी आपल्या तळ्याकडे वळावीत, असं त्याच्या डोक्यात आलं.

“मावशी, घटस्थापनेला उद्घाटन करू. पण ही काळीकुट्ट काहील कुणाच्या फोटोत येणार? जरा नटवू की हिला.”

आता कोल्हापूरच्या माणसाला ‘नटवू’ म्हटलं की त्याचं भान हरपतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी नटतात. अंगाचे केस कापून त्यांना तुळतुळीत करतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं लावतात, गळ्यात कवड्या घालतात आणि वाजतगाजत मिरवतात. अंबूबाई आपल्या हौशा म्हशीला तर नवरीसारखी सजवायची. ती क्षणभरही थांबली नाही.

“नटव की. म्हशीला नटवतो, मग हिनं काय पाप केलंय? जन्मभर काळी ऱ्हाईली माझी बाई.”

गणपतीच्या कमानीचा उरलेला ऑइलपेंट मंडळात होताच. आतून गुलाबी, काठाला पिवळा आणि पोपटी, आणि काठाच्या बाहेरच्या अंगाला टपोऱ्या अक्षरांत ‘नाद खुळा’. मला दोन दिवस उन्हात वाळवलं. येणारेजाणारे थांबून बघायचे. “काय देखणी दिसायलीया!” पहिल्या माळेच्या सकाळी एक म्हातारी म्हणाली. मित्रांनो, मला खोटं बोलता येत नाही. मी फुलून गेले. चाळीस वर्षं काजळी अंगावर घेतलेल्या बाईला कुणी पैठणी नेसवावी, तसं मला झालं होतं.

पहिल्या माळेला नारळ फुटला. सोलापूरकडचं एक कुटुंब माझ्यात बसलं. अंबूबाईनं नेहमीसारखं सगळ्यांना गप्प केलं आणि फळी मारली.

पहिलं घरटं अजून चाळीस हात लांब होतं. तोच फडफड झाली, पाणी उडालं आणि टिबुकली गडप झाली. मग दुसरी. मग तिसरी, चौथी आणि नवी सून. चार श्वास कुणालाच मिळाले नाहीत. पाची घरट्यांतली अंडी उन्हात लख्ख चमकू लागली. पावण्यांना वाटलं, पाखरांनी सलामी दिली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काठावरच्या बाभळीवरून कावळे उतरले.

“अगं बया!” अंबूबाई ओरडली. तिनं जोरानं फळी मारली. पण मी सरळ जाणारी थोडीच! जितक्या जोरानं मारावी तितकी मी गरगरले. माझ्या एका गिरकीत पहिलं घरटं संपलं, दुसऱ्या गिरकीत दुसरं. तेव्हा साठी ओलांडलेली ती बाई लुगड्यासकट पाण्यात उतरली. पाणी छातीपर्यंत होतं. एका हातानं तिनं माझी कडी धरून मला मागं लोटलं, आणि दोन्ही हात वर करून कावळ्यांवर ओरडत पुढं गेली. उरलेल्या तीन घरट्यांपाशी तिनं पाण्यातलं गवत उपसलं आणि टिबुकली घालते तसं, हलक्या हातानं, अंड्यांवर घातलं.

परतताना एका पावणीनं घाबरून विचारलं, “आजी, काय झालं हो?”

“काय न्हाय, बाई. घरात पावणं आली आणि लेकरांचं पांघरूण उडालं.” तिचे दात थंडीनं वाजत होते.

काठावर यशराज वाट बघत होता. “मावशी, कावळं काय आजच आल्यात व्हय? निसर्गच हाय त्यो.”

अंबूबाईनं लुगड्याचा ओला पदर पिळला. ती तळ्याकडे बघत होती. हौशा आणि बाकीच्या म्हशी पाण्यात शिरून गवताच्या कडेनं चालल्या होत्या. दोन टिबुकल्या वर आल्या, म्हशींच्या पोटाजवळून पोहत गेल्या आणि माझ्या दिशेला तोंड वळताच पुन्हा बुडाल्या.

“म्हशीला भीत न्हाईत,” ती हळूच म्हणाली. “मला भीत न्हाईत. ह्या रंगाला भ्याल्यात, यशा. मीच म्हटलं नटव. मीच.”

संयोगिता मॅडम माहेरी मलकापूरला गेल्या होत्या. तिनं फोन लावला आणि एवढंच म्हणाली, “मॅडम, मी घात केला.” सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून उत्तर आलं, “आक्का, तुम्ही अंडी झाकलीत तेच योग्य केलंत. आता पिल्लं बाहेर येईपर्यंत पाण्यात कुणी जायचं नाही. काळा रंग देऊनही नाही. आता त्या या आकारालाच बिचकतील. परत येऊन बसल्या तर बसल्या.”

यशराजचा चेहरा उतरला. “ललितापंचमीला वीस पावणं येणार हाईत! बोर्ड लागलाय, फोटो गावभर गेलाय. आता काय सांगू, पक्षी रुसल्यात? मावशी, तुमी दमलाय. तुमी नका येऊ. आमची पोरं वल्हवतील. लांबून एक चक्कर मारू.”

त्यानं मंडळाच्या पोरांना हाक मारली आणि माझ्या कडीला हात घातला. अंबूबाई ओल्या लुगड्यानं माझ्यात येऊन बसली. मांडी घातली.

“उचल.”

“मावशी, उतरा की.”

“उचल माझ्यासकट. पाण्यात सोड. मग बघू कोण वल्हवतंय.”

पोरं हसायला लागली. यशराज हसला नाही. तो माझ्या काठावर टेकला. “मावशी, हौसेपोटी केलं हो सगळं. पण पावण्यांना दाखवू काय? बोर्ड?”

“जे हाय ते दाखवू. पण त्यांच्या घरात पाय न ठेवता.” तिनं माझ्या बुडावर हात फिरवला. आतून गुलाबी होतं, पण बाहेरून, जिथं रंगाचा ब्रश पोचला नव्हता तिथं, चुलवाणाची काजळी तशीच होती. “हिला काठावर उभी करू, यशा. काळं बूड तळ्याकडं. मागं बसायचं आणि भोकातनं बघायचं.”

“भोकं कुठायत?”

त्यासाठी बाबालालला बोलावलं. दुसऱ्या दिवशी तो नातवाच्या गाडीवर बसून आला. दाढी पांढरी झाली होती, पण पिशवीतली हत्यारं तीच होती. त्यानं सगळं ऐकलं आणि पिशवी खाली ठेवलीच नाही.

“अंबूआक्का, मी भोकं बुजवायला शिकलो. पाडायला न्हाय.”

“व्हय, भाई.”

“भोक पाडलं की संपली ही. परत रस धरणार न्हाय, पानी धरणार न्हाय. पूर आला तर?”

“पूर आला तर दुसरी काहील गावंल. ती तीन घरटी कुठं गावतील?”

मित्रांनो, मला बोलता आलं असतं तर मी काय म्हटलं असतं? खरं सांगते, मी नको म्हटलं असतं. न गळणं हाच माझा जन्म होता. रस धरला, पूर धरला, एक थेंब सोडला नाही. आणि आता, वयाच्या या टोकाला, मला चाळणी करणार? पण मला कुणी विचारलं नाही, आणि तेच बरं झालं.

बाबालालनं कोरडा तळहात माझ्या बुडाखालून फिरवला. सावकाश, सगळीकडे. मग एका रिव्हेटवर थांबला. “ही माझीच,” म्हणाला, आणि तिच्यावर छिन्नी ठेवली. अकरा रिव्हेट निघाल्या. प्रत्येक घावाला तो ओठ घट्ट मिटत होता. अंबूबाई पाठ फिरवून उभी होती.

मंडळाच्या पोरांनी पाण्यापासून पंचवीस पावलांवर दोन खांब रोवले आणि मला त्यांत तिरकी न ठेवता सरळ माझ्याच काठावर उभी केली. काळं बूड तळ्याकडे, गुलाबी पोट माणसांकडे. काठाचा पिवळा-पोपटी रंग आणि ‘नाद खुळा’ अंबूबाईनं शेणमातीनं सारवून टाकलं. जमीन सारवते तसं, चार बोटांचे अर्धगोल उमटवत. दिसायला मी आता काठावर उभी राहिलेली चिखलभरली म्हैस झाले होते.

त्या संध्याकाळी एक टिबुकली परत आली. घरट्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, वर चढली आणि बसली. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. तिसरी, नवी सून, आलीच नाही. तिची अंडी गवताखाली गार पडली. तेव्हापासून अंबूबाई त्या बाजूला बघायची नाही.

ललितापंचमीला वीस पावणे आले. यशराजनं त्यांना आपली चूक सांगितली, आणि ती सांगताना आवाज एवढा खाली आणला की मागचे ‘काय, काय?’ करू लागले. अकरा भोकांशी अकरा जण गुडघ्यांवर बसायचे, बाकीचे पाठीमागे आपली पाळी यायची वाट बघायचे. त्या गर्दीत पहिल्यांदाच मी कुणाला नेत नव्हते. नुसती मध्ये उभी होते, आणि तेवढ्यानंच दोन्हीकडची माणसं-पाखरं निवांत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे यशराज धावत अंबूबाईच्या दारात गेला. तोपर्यंत तिनं एकदाही भोकाला डोळा लावला नव्हता. ‘मला त्यो हक्क न्हाय’ म्हणायची. त्या दिवशी तो तिला हाताला धरून घेऊन आला. ती माझ्याशी टेकून खाली बसली. तिचा गाल माझ्या गुलाबी पत्र्याला लागला. समोर एक टिबुकली पोहत होती आणि तिच्या पाठीवरच्या पिसांतून पट्ट्यापट्ट्यांची डोकी बाहेर डोकावत होती.

“किती?” यशराजनं विचारलं.

अंबूबाईनं डोळा न काढता मागं हात केला आणि तीन बोटं दाखवली. मग थोड्या वेळानं चौथं.

पुढं सगळ्यांचं काय झालं ते सांगते. गणपतराव गुऱ्हाळाची जागा विकून मुलाकडे पुण्याला राहायला गेले. डॉक्टरांनी त्यांना गूळ बंद केला आहे, पण सणाला काकवीची बाटली हमखास मागवतात. संयोगिता मॅडमची बदली हातकणंगल्याला झाली, तरी रविवार चुकवत नाहीत. त्यांच्या वहीत मागच्या वर्षी नऊ घरट्यांची नोंद आहे. यशराजचं लग्न झालं. वरातीला एवढा बेंजो वाजवला की तीन गल्ल्या जाग्या राहिल्या, पण तळ्याच्या वळणावर त्यानं स्वतः बेंजोवाल्याचा हात धरला. माझी भोकं पाडली त्याच्या पुढच्या वर्षी बाबालाल वारला. त्याची मुलगी अफसाना एकदा येऊन माझ्यासमोर उभी राहिली, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “अब्बांचं एवढं वाईट काम मी कधी बघितलं नव्हतं.” हे ती हसत म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली. अंबूबाईचे गुडघे गेले आहेत. तीन म्हशी सुनेकडे दिल्या, हौशा तिच्याजवळच आहे. दुपारी माझ्या सावलीत बसते आणि आलेल्या पोरांना गप्प बसवते.

आणि मी उभी आहे. आता माझ्यात काही साठत नाही. पाऊस आला की आरपार जातो.

मित्रांनो, आपल्याला आवडलेल्या गोष्टीला नटवावंसं वाटणं हे चांगलंच आहे. पण हात लावण्यापूर्वी तिच्या शेजाराला कोण राहतं ते एकदा बघत जा. मला नवा रंग नको. वर्षातून एकदा, पावसाळा सरला की, काठाला शेणमाती लावा, एवढंच मागणं आहे. आणि भोकाला डोळा लावलात, तर श्वास जरा हळू सोडा. पलीकडे कुणीतरी अंडी उबवत बसलेलं असतं.